अलके, तू उलटून बोलायचीस म्हणे!

प्रिय अलका,

बावीस वर्षं तुला ताई म्हणत आले. आजपासून नाही म्हणणार. राग मानायचा असेल तर मान. कोमल यंदा सत्तावीसची झाली आणि तू गेलीस तेव्हा सव्वीसची होतीस, हे माझ्या डोक्यात इतक्या उशिरा आलं की माझा मलाच राग आला. तुझी लेक तुझ्यापेक्षा थोरली झाली ग! आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई, एका पोरसवदा मुलीच्या फोटोला रोज सकाळी ताई म्हणून हात जोडते आहे!

पत्र लिहायची मला सवय नाही. आपली तर साधी ओळखही नव्हती. तू गेल्यावर वर्षाच्या आत मी तुझ्या जागी आले. पण गेल्या शुक्रवारी तुझ्या अविधवा नवमीच्या पानावर जे झालं आणि तेव्हापासून घरात जे चाललं आहे, ते सांगू कुणाला? ह्यांना सांगावं तर म्हणतात, 'सोड ना.' सासू म्हणून आत्याबाईंना सांगावं तर त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. राहिलीस तू. तुझ्याच घरात, तुझ्याच नवऱ्याबरोबर, तुझ्याच सासूच्या हाताखाली नांदले मी. हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

तर आधी माझी गाऱ्हाणी ऐक. एवढी वर्षं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं, आता तुला सुटका नाही.

मी उंबरा ओलांडून आत आले आणि पहिलं काय केलं असेल तर तुझ्या नावानं घडवलेला चांदीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातला. पहिलीचा टाक दुसरीनं घालावा, म्हणजे ती त्रास देत नाही. अग, टाक घालूनसुद्धा काय कमी त्रास झाला? तू नाही दिलास, तुझ्या नावानं इतरांनी दिला. पण तेव्हा मला दोन्ही सारखंच वाटायचं. पहिली दोन वर्षं तर मी तुझ्या फोटोकडं पाठ करून भाकरी थापायचे.

भाकरी थापली की आत्याबाई म्हणायच्या, "थोरलीची भाकरी पानावानी पातळ हुती." अंगण झाडलं की, "थोरली झाडायची तवा धूळ उडायची न्हाई." आता धूळ न उडवता कसं झाडतात, हे तूच सांग! एकदा मी तापानं फणफणले आणि दुपारची पडून राहिले, तर बाहेरून आवाज आला, "थोरली तापात बी उभी हुती." तापातच गेली ना ती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. अशी किती वाक्यं मी गिळली असतील! तेवढ्यांवर माझं पोट भरायला हवं होतं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ते एक वाक्य. "थोरली कधी उलटून बोलली न्हाई."

ह्या वाक्यापुढं मी हरले बघ. भाकरी पातळ करता येते, हात बसतो. पण न बोलणं? माझं माहेर नगरजवळचं, चाळीतलं. आमच्या नळावर भांडण लागलं की बायका मला बोलवायला यायच्या. रेशनच्या रांगेत मधेच घुसणाऱ्या एका दांडग्या माणसाला मी भर दुकानात मागं उभं केलं होतं, आणि तो मुकाट्यानं उभा राहिला होता. अशा बाईला ह्या घरात येऊन गरीब गाय व्हायचं होतं, कारण आधीची गाय होती! आणि झाले की मी. इतकी झाले, की पुढं माहेरी गेले तर आई म्हणाली, "तुला बरं नाही का ग?"

मधे मधे वाटायचं, तू असतीस तर तुला विचारलं असतं, कसं जमवलंस हे? भिंतीवरचा तुझा फोटो तर असा, की नजर खाली, तोंड मिटलेलं. अगदी गुणाची. टीव्हीच्या वरच लावलाय, त्यामुळं मालिकेतल्या बायका कितीही कचाकचा भांडल्या तरी त्यांच्या डोक्यावर तू आपली शांत. मला फार चीड यायची त्या फोटोची. आज स्पष्टच सांगते.

तुझी आणखी एक भेट म्हणजे शेंगोळे.

दर वर्षी तुझ्या नवमीला सवाष्ण जेवू घालायची, आणि तिच्या पानात पुरणपोळी, कढी, भजी सगळं असून वर हुलग्याचे शेंगोळे हवेतच. "थोरलीला लई आवडायचे." मी तोवर शेंगोळे खाल्ले होते, केले नव्हते. हुलग्याचं पीठ घट्ट मळायचं, एकेक गोळी हातावर वळून तिची वाटोळी वळी करायची, उकळत्या पाण्यात सोडायची. मनगटं भरून येतात. बरं, नैवेद्याचं म्हणून लसूण नाही! लसणाशिवाय शेंगोळे म्हणजे काय चव असेल, तूच सांग. एका वर्षी भटजी सहज म्हणाले, "पितरांना हुलगा चालत नाही हो." तर आत्याबाई म्हणाल्या, "खानारीला चालतंय, तुमाला काय झालं?" भटजींनी पुढचा मंत्र धरला. शेजारच्या वहिनी दर वर्षी सवाष्ण म्हणून यायच्या, तुझ्या नावानं ते शेंगोळे बिचाऱ्या कसेबसे गिळायच्या आणि मला म्हणायच्या, "मेलेलीचा शब्द आहे, मोडायचा कसा?" राहिलेले सगळे आत्याबाई संपवायच्या. अन्न वाया घालवू नये म्हणून. असं मला वाटायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. अजून वीस वर्षं सोसलं असतं. पण मधे आली कोमल.

कोमलचं तुला काय सांगू? मी आले तेव्हा पाच वर्षांची होती. मला मम्मी म्हणायला शिकवलं तिला, कारण 'आई एकच असती'. बरोबरच होतं. आई म्हणजे भिंतीवरची, मम्मी म्हणजे डोक्यातल्या उवा काढणारी. तिचा कान दुखायचा तेव्हा कढत तेलाचा बोळा घेऊन मी तिच्या मागं घरभर पळायचे. आणि ती भांडायची ग! वेणीवरून, डब्यावरून, शाळेच्या सहलीवरून. मला वाटायचं, मी सावत्र म्हणून ती भांडते. म्हणून मी अजून मऊ व्हायचे आणि ती अजून चढायची. पुढं धाकटा झाला, ओंकार, त्यानं कधी एवढा जीव खाल्ला नाही माझा. पण मग आत्याबाईंनी तिलाही तेच औषध सुरू केलं. "तुजी आई कधी उलटून बोलली न्हाई. कुनावर गेलीस तू?" आणि पोरगी हळूहळू निवली. दहावीपर्यंत अगदी फोटोसारखी झाली. सगळे म्हणाले, आता आईवर गेली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिनं लॅबचा कोर्स केला. श्रीरामपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासते, माणसांना न दुखवता सुई टोचते अशी ख्याती आहे तिची. दोन वर्षांपूर्वी तिथंच जवळ बेलापूरला दिली. माणसं वाईट नाहीत. पण घरात दुभती जनावरं, आल्या-गेल्याचा राबता, आणि सून सकाळी डबा घेऊन स्कूटीवर बाहेर. तिच्या सासूबाईंनी गोडीत सांगितलं, दसऱ्यापासून काम सोड.

गौरीला आली होती तेव्हा ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "मम्मी, मी सोडतेय काम."

मी म्हटलं, "तुला सोडायचंय?"

"नाही."

"मग सांग की त्यांना तसं!"

तर पोरगी काय म्हणाली असेल? "मला वाद नाही घालायचा. माझ्या आईनं कधी कुणाशी वाद घातला नाही." आणि मी अजून काही बोलायच्या आत, अगदी शांतपणे, "तुझं वेगळं आहे मम्मी. मी तिची आहे."

अलके, त्या दिवशी तुझा टाक मला असा जड झाला की दोरा तोडून फेकावासा वाटला. मेल्यावरही माणसानं इतकं चांगलं असू नये! पोरीनं शिकलेलं, हातात असलेलं सगळं ठेवून द्यायचं, का, तर तू गप्प बसायचीस म्हणून!

आता शुक्रवारचं ऐक.

शेजारच्या वहिनींना ऐनवेळी सुतक आलं. सवाष्ण कोण? मी पीठ वळत वळत नावं आठवत होते. हे सकाळीच घोडेगावच्या बाजाराला गेले होते, म्हैस बघायला. दुपारी फोन आला, "जेवायला दोन पानं वाढव." आणि आले तर बरोबर कोण? तुझी धाकटी बहीण नंदा आणि तिचा नवरा! तेही म्हैस घ्यायला आलेले. बाजारात, जनावरांच्या रांगेत, समोरासमोर गाठ पडली. तू गेल्यावर वर्षाच्या आत ह्यांचं दुसरं लग्न झालं म्हणून तुझ्या माहेरच्यांनी ह्या घराचा उंबरा सोडला होता. कोमलच्या लग्नालाही कुणी आलं नाही. पण नवमीचा दिवस, तुझी सख्खी बहीण समोर उभी, ह्यांना राहवलं नाही. तिलाही नसावं.

ती आली, दारात थबकली, माझ्या गळ्यातला टाक बघितला आणि माझा हात धरला. मला वाटलं, आता रडणार आणि मलाही रडवणार.

सवाष्णीच्या पानावर बसली, आणि फस्सकन हसली!

"आगं बया! शेंगोळे? आन तेबी आक्काच्या पानावर?"

मी म्हटलं, "त्यांना आवडायचे ना."

"कुनाला? आक्काला? हुलग्याचा वास आला तर ताट सरकवून उठायची ती! आईचा मार खाल्लाय तिनं शेंगोळ्यापायी!"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या भिंतीकडं बघत होत्या.

"आत्या?"

"पित्राच्या पानावर बोलू न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, थोरलीला शेंगोळे आवडायचे म्हणालात ना तुम्ही?"

मग ऐंशी पार केलेली ती बाई लहान पोरीसारखी पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मला आवडत्यात."

"मग तसं सांगायचं होतं!"

"अन कुनी करून घातलं असतं? मला ह्ये आवडतं म्हनून कोन चुलीम्होरं बसलं असतं? सासूबाईंच्या राज्यात मागता आलं न्हाई, मालकांच्या राज्यात मागता आलं न्हाई. मेलेल्याच्या नावानं मागितलं की मिळतं."

मला एकाच वेळी त्यांना ओरडावंसं आणि अजून चार शेंगोळे वाढावेसे वाटले. वाढले. लसूण नसलेले, बेचव शेंगोळे, आणि त्या मिटक्या मारत खात होत्या!

आणि नंदाचं तोंड सुटलं ते सुटलंच. तू पिठाच्या गिरणीवाल्याशी मापावरून भांडलीस आणि पायरीवर बसून राहिलीस. तू मोठ्यानं हसायचीस, इतकं की शेजारच्या रानातला माणूस वळून बघायचा. बारावीची परीक्षा द्यायची होती तुला, आत्याबाई नको म्हणाल्या, तर तू चार माणसांत म्हणालीस, "मग लग्नाआधी का हो म्हणालात?" आणि निघून गेलीस. एकदा नाही, दोनदा गेलीस माहेरी! दुसऱ्यांदा तर कोमल कडेवर होती. आणि दोन्ही वेळा तुझ्या आईनं तुला पाणी पाजलं, जेवू घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवलं. "दुसऱ्यांदा आक्का मागं वळून बघत न्हवती," नंदा म्हणाली. एवढंच बोलून तिनं पोळीचा तुकडा मोडला.

मग मी फोटोकडं बोट केलं. "पण हिची नजर तर बघा."

"ते व्हय? फोटोवाला आला तवा तिच्या डोळ्यात कुंकू गेलतं. झोंबत व्हतं म्हनून खाली बघतीय."

डोळ्यात कुंकू गेलं होतं! मी बावीस वर्षं तुझ्या विनयाला घाबरून होते, आणि तुझ्या डोळ्यात कुंकू गेलं होतं!

अलके, मला इतका राग आला. आत्याबाईंचा, ह्यांचा, तुझाही. तू भांडखोर, मी भांडखोर. आणि आपल्या दोघींतून ह्या लोकांनी एक मुकी बाई तयार केली, जी कधी जन्मालाच आली नव्हती. आधी ती माझ्या डोक्यावर बसवली आणि मग पोरीच्या.

नंदा निघताना उंबऱ्यात थांबली. "आक्काला गूळ घातलेली घट्ट खीर आवडायची. आन तुला ग? तुला काय आवडतं?"

सोपाच प्रश्न होता. मी तोंड उघडलं आणि काही येईना. मुलांना काय आवडतं, ह्यांना काय, पाहुण्यांना काय, मेलेल्या माणसांना काय, सगळं पाठ. माझं मला सांगता येईना. मी म्हटलं, "काहीही चालतं." तुझी बहीण माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू आज तिनं दोन मेलेल्या बायका बघितल्या. लई वाईट वाटलं मला. आणि मग त्याचाही राग आला.

ती गेल्यावर मी ह्यांना धरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ती भांडायची. दोनदा गेली होती."

"हुतं माहीत," हे चप्पल घालत म्हणाले. "पन मेलेल्या मानसाचं कशाला काढायचं? आई चांगलंच बोलत हुती ना तिच्याबद्दल."

"आणि जिवंत माणसांचं काय?"

"सोड ना."

मी म्हटलं, कोमलला सांगा. तुमची लेक आहे. दसरा तोंडावर आलाय. तर म्हणाले, "पोरीच्या मनातली आई कशाला मोडतीस?" आत्याबाईंना म्हटलं, माझ्याबरोबर बेलापूरला चला, तुम्हीच बोलला होतात, तुम्हीच दुरुस्त करा. "मी काय खोटं बोलले? गेलेल्याला चांगलंच म्हनायचं असतं." आणि कूस बदलून झोपल्या.

म्हणजे सांगायचं कुणी, तर मी! माझी गोची लक्षात येते का तुझ्या? जन्मभर तुझ्याबद्दल एक वावगा शब्द काढला नाही मी. कोमलसमोर तर नाहीच नाही. आता ज्या दिवशी काढायचा, तो नेमका मी, सावत्र आईनं, तिच्या देव्हाऱ्यातल्या आईबद्दल काढायचा. कोण विश्वास ठेवेल? मीसुद्धा ठेवला नसता.

सोमवारी दोन एसट्या बदलून श्रीरामपूरला गेले. वाटेत किती वेळा उतरून परत फिरावंसं वाटलं! लॅबच्या बाहेर बाकड्यावर बसले, ती डब्याच्या सुट्टीत आली. मी तयारी करून गेले होते, गोड शब्दांत सांगायची. पण मला कुठलं गोड येतंय. सगळं एका दमात सांगून टाकलं. गिरणी, बारावी, दोनदा माहेरी जाणं, फोटो, कुंकू.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला काम सोडू द्यायचं नाही म्हणून तू आईबद्दल असं बोलतेस?"

"नाही ग. मावशीला विचार तुझ्या."

"मला मावशीच नाही." आणि मग बोलली, एवढ्या वर्षांत कधी नाही ते, "सावत्र ती सावत्रच."

उठली, डब्याला हात न लावता आत गेली.

मी बसून राहिले. मला रडू आलं नाही. खरं सांगू? मला वाटलं, चला, भांडली एकदाची! पण ते एसटीत बसल्यावर. बाकड्यावर असताना नुसती आग आग झाली होती. तिथं चहावाल्यानं विचारलं, मावशी, चहा? मी त्याच्यावरच खेकसले.

दोन दिवस तिचा फोन नाही. मी केला तर कट. हे म्हणाले, "झालं समाधान?" मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांना म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." आणि हे बसले! अलके, इतकं सोपं होतं ते. तुला माहीत असणारच.

तिसऱ्या दिवशी कोमलचा एका ओळीचा मेसेज, 'मावशीचा नंबर दे.' मी दिला. दोघी काय बोलल्या, किती वेळ बोलल्या, मला माहीत नाही. मला कुणी काही सांगितलं नाही. नेहमीप्रमाणे.

काल संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. आवाजातच कळलं. "तुमच्या लेकीनं आज उलटं उत्तर दिलं मला. मी काम सोडणार नाही म्हणाली. चार माणसांत! वर म्हणते, जनावरांचं सकाळचं मी बघीन, संध्याकाळचं तुमच्या लेकाला सांगा. माझ्या लेकाला! आजवर कधी तोंड वर करून बोलली नव्हती. हे वळण कुणाचं म्हणायचं?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर आत्याबाई लसूण सोलत होत्या, हे दारात. दोघांनी माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षं मी असल्या प्रश्नाला 'चुकलं, समजावते तिला' म्हटलं असतं.

मी म्हटलं, "तिच्या आईचं हाय. आन मम्मीचं बी."

"म्हणजे?"

"म्हणजे तिनं बरोबर सांगितलं. संध्याकाळचं जावईबापूंना बघू द्या."

मग विहीणबाई बोलल्या, मी बोलले, त्या चढल्या, मीही चढले. चांगलं घमासान झालं. पण शेवटी त्या धुसफुसत म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू." फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि भूक लागली होती. अशी भूक मला नळावरच्या भांडणांनंतर लागायची. म्हटलं, अरे, नंदाला द्यायचं उत्तर हेच होतं की! मला भांडायला आवडतं. न्याय असेल तिथं, समोरासमोर, पोटभर. एवढी साधी गोष्ट स्वतःबद्दल कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि तीही तुझ्या श्राद्धाच्या जेवणातून!

कोमलचा फोन अजून नाही. 'सावत्र' म्हणाली ते अजून टोचतंय, लपवत नाही. ती मला पुन्हा मम्मी म्हणेल की नाही, ठाऊक नाही. दिवाळीनंतर काय होईल तेही नाही. कदाचित त्या घरात रोज कटकट होईल. कदाचित नवरा आज तिच्या बाजूनं असेल, उद्या नसेल. मी पेटवून दिलंय आणि आता बाहेर बसून धग बघतेय, असं वाटतं कधी कधी.

आणि एक रागाचं तुझ्यासाठी राखून ठेवलंय. एवढी बोलणारी बाई तू, मग त्या संध्याकाळच्या गाडीत का बसलीस ग? दुसऱ्यांदा तरी? उंबऱ्यात बसून राहायचं होतंस, गिरणीच्या पायरीवर बसलीस तशी. पण कडेवर पोर होतं, घरात भाऊ होते, आईनं तोंड फिरवलं होतं. कुठं बसणार होतीस? चूक तुझी नव्हती. तेव्हा तुझ्याकडून बोलायला कुणी नव्हतं.

म्हणून तुला शब्द देते, अलके. बाकी काही मला जमेल न जमेल. पण तुझी लेक कधी बॅग घेऊन ह्या दारात आली, मला सावत्र म्हणत आली तरी, तर मी तिला पाणी देईन, जेवू घालीन. आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईल तेव्हा दाराला आतून कडी लावीन.

तुझी,
सुनीता